पद्मिनीचा पंखा

२०१८ चा मे महिना, दुपारचे बारा. खंबाटकी घाटात पुढे कंटेनरची रांग, मागे एसटी, शेजारच्या सीटवर आई, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. आई काही बोलली नाही. पर्समधून पुठ्ठ्याचा पंखा काढला आणि स्वतःला वारा घालत बसली. तो टोमणा होता की नाही हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

गाडी बाबांची, १९८३ ची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११०० डी, ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनून आपल्याकडे आधी फियाट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. बाबा गेल्यावर ती विकायची नाही एवढं घरात न बोलता ठरलं होतं. बाकी सगळं, म्हणजे तिचा खर्च आणि तिची दुखणी, माझ्याकडे आलं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी आणि पर्यावरण करसुद्धा.

या गाडीत रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, मागचा पंखा वॉटर पंपाच्याच शाफ्टवर बसतो आणि बेल्टने फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असतं तेव्हा वारा भरपूर मिळतो. पण रांग थांबली, इंजिन आयडलिंगवर आलं, की पंखा पेंगायला लागतो. नेमकं तेव्हाच समोरून वाराही नसतो. मारुती ८०० ने आपल्या रस्त्यांवर विजेचा पंखा घरोघरी पोचवला, त्याचा फायदा हाच: तो इंजिन किती पळतंय ते बघत नाही, पाणी किती तापलंय ते बघतो.

घाटात अर्धा तास थांबून, ओलं फडकं टाकून रेडिएटरची कॅप अर्धा आटा सोडून, दाब जाऊ देऊन, दोन बाटल्या पाणी घालून आम्ही गावाला पोचलो. कॅप एकदम उघडू नये हे बाबांनी शिकवलेलं. त्यांच्या डाव्या मनगटावर एक जुना डाग होता, त्यामुळे हा धडा वेगळा समजावून सांगावा लागला नव्हता. त्याच रात्री मोबाइलवर मी १२ इंची, ८० वॉटचा विजेचा पंखा शोधून काढला. ऑनलाइन, घरपोच, १,४५० रुपये. सोबत 'सार्वत्रिक फिटिंग किट'. सार्वत्रिक म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारं, हे पुढे कळलं.

पुण्यात आल्यावर आमच्या नेहमीच्या उस्तादांना दाखवला. पन्नास वर्षं फियाट उघडलेला माणूस. त्यांनी डबा हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दादा, ताप पोटात आहे, तुम्ही वारा घालताय." मी हसलो. ते हसले नाहीत. "तुमचं तुम्ही बसवा," म्हणून डबा परत दिला. हे वाक्य त्या वेळी ऐकलं असतं तर हा लेख एका परिच्छेदाचा झाला असता.

पंखा रेडिएटरच्या मागे बसवला तर तो हवा ओढतो, पुढे बसवला तर ढकलतो. मागे मूळचा पंखा होता, तो काढायची हिंमत होत नव्हती. म्हणून मी पुढचा मार्ग धरला: पुढच्या ग्रिलच्या आत, रेडिएटरच्या तोंडावर. किटमध्ये प्लास्टिकच्या चार लांब काड्या होत्या. त्या रेडिएटरच्या पापुद्र्यांतून आरपार घालायच्या आणि मागून टिकली दाबून बसवायच्या. ना ड्रिल, ना वेल्डिंग. रविवारी सकाळी चहा गार व्हायच्या आत काम उरकलं. तपकिरी वायर बॅटरीला, काळी बॉडीला, मध्ये डॅशखाली लावलेलं एक बटण. बटण दाबलं, पंखा गरगरला, शेजारच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हवा मात्र उलटी येत होती. पंखा ओढायच्या दिशेचा होता आणि मी तो ढकलायच्या जागी लावला होता. यावर माझा उपाय सोपा: वायरींची अदलाबदल. अशा मोटरमध्ये प्लस-मायनस उलटं केलं की ती उलटी फिरते, हे खरं. पण पाती वक्र असतात. त्यांचा पोटाचा भाग हवेला भिडायला हवा, पाठ नव्हे. मोटर उलटी केली तर पातंही काढून उलटं बसवावं लागतं. मी ते केलं नाही. त्यामुळे पंखा आवाज पूर्ण करायचा आणि काम निम्मं. नंतर तपासायची रीत कळली: वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरला लावून बघायचा. ओढणारा पंखा असेल तर पुढच्या बाजूला कागद चिकटून बसला पाहिजे. ढकलणारा असेल तर मागच्या बाजूला धरलेला कागद फडफडून उडाला पाहिजे. माझा कागद विचारात पडल्यासारखा नुसता हलायचा.

तीन आठवड्यांनी पार्किंगमध्ये गाडीखाली तांबूस थेंब दिसले. त्या प्लास्टिकच्या काड्या. पंख्याचं सगळं वजन त्या काड्यांवर, म्हणजे पर्यायाने रेडिएटरच्या पापुद्र्यांवर. पुण्याचे खड्डे आणि आमच्या सोसायटीसमोरचे सलग तीन गतिरोधक यांनी प्रत्येक हिसक्याला काडी नळीवर घासली. नळीचा पत्रा तो केवढा. चौथ्या काडीपाशी ती झिजून फुटली. स्वस्त पंखा जरूर घ्यावा, पण त्याच्या त्या काड्या पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकाव्यात.

रेडिएटर काढून घेऊन मी नाना पेठेत गेलो. तिथल्या एका गाळ्यात बसणारे चाचा फक्त रेडिएटरचं काम करतात. त्यांनी वरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि खालच्या तोंडाकडे बोट केलं. निरोगी रेडिएटरमधून पाणी धबाधब पडतं. माझ्या रेडिएटरमधून धार पडत होती, तीही रसवंतीच्या नळासारखी. चाचांनी डाग (सोल्डर) सोडवून वरची टाकी काढली. आत बघितलं तर जवळजवळ निम्म्या नळ्यांची तोंडं पिवळट-तांबूस थराने बुजलेली. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी, त्यातला क्षार, इंजिनातला गंज. कूलंट, म्हणजे गंज आणि क्षार रोखायला पाण्यात घालायचं द्रव, हा शब्द बाबांच्या शब्दकोशात नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हता.

"अशा जाळीवर विमानाचा पंखा लावा," चाचा म्हणाले, "पाणी फिरणारच नाही तर गार काय होणार?" उस्तादांचं पोटातला ताप म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं.

मग रॉडिंग केलं. चपट्या नळ्यांतून चपटी पोलादी पट्टी घालून एकेक नळी साफ करायची, जशी आजी चुलीची फुंकणी साफ करायची तशी. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असल्याने हे होऊ शकतं. टाकी उकलायची, साफ करायची, पुन्हा डाग देऊन जोडायची. हल्लीच्या अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या रेडिएटरला हा मान नाही, ते बदलायचेच. फुटलेली नळी चाचांनी दोन्ही टोकांना डाग देऊन बंद केली. त्याच वेळी मी त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतलं आणि तेच पुढे सगळ्यात कामाला आलं: वरच्या टाकीला आतून आटे असलेला पितळी बुश डाग देऊन बसवला. त्यात पुढे थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद होणारा स्विच, घालता येणार होता. सगळे मिळून १,८०० रुपये.

उस्तादांनी रेडिएटर बसवताना थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेची, हौसिंग उघडली, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कुणीतरी, कधीतरी, 'गाडी तापते' म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडचा हा जुनाच उपचार आहे. ताप आला की थर्मामीटर फोडायचा. ८२ अंशांना उघडणारा नवा घातला. डॅशवरचा तापमानाचा मूळ काटा मेलेला होता, म्हणून आकडे दाखवणारा साधा मीटर वेगळा लावला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरलं. भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवलं, म्हणजे हवा वर येऊन निघून जाते, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कॅप काढूनच इंजिन चालू ठेवलं.

आणि इथे माझी पंचाईत झाली. गाडी तापेचना. मूळच्याच बेल्टवरच्या पंख्यावर मी कात्रजचा जुना घाट चढून आलो, काटा ८५ च्या पुढे गेला नाही. म्हणजे विजेच्या पंख्याची गरजच नव्हती?

खोटं कशाला बोलू, वर्षभर मी ओळखीच्यांना 'विजेचा पंखा लावला आणि गाडी थंड झाली' असंच सांगत होतो. थंड झाली ती चाचांच्या पट्टीने. पण एक चाचणी बाकी होती, जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं ती: गाडी उभी, इंजिन आयडलिंगवर, डोक्यावर दुपारचं ऊन. सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून मी घड्याळ लावून बसलो. वॉचमनला वाटलं मी कुणाची तरी वाट बघतोय. बारा मिनिटांत काटा ९८ वर आला आणि चढतच होता. इंजिनला जरा रेस दिली की उतरायचा, सोडली की पुन्हा चढायचा. म्हणजे पळताना गाडी बरी होती, थांबल्यावर अजून आजारीच. विजेच्या पंख्याला काम होतं. फक्त ते मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ लहान होतं.

आता घाई नव्हती, म्हणून नीट करायचं ठरवलं. ऑनलाइनचा पंखा बाजूला ठेवला आणि एका रविवारी जुन्या बाजारात गेलो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात गाडीचा कुठला भाग मिळत नाही, हे मला अजून सापडायचंय. हवा होता मारुती ८०० चा रेडिएटर पंखा. तो मुळातच मागून हवा ओढणारा, मोटर बुटकी, लोखंडी चौकटीसकट मिळतो, आणि उद्या बंद पडला तर तालुक्याच्या गावातही दुसरा सापडतो. जुन्या फियाट, अॅम्बॅसॅडर आणि जीपवाल्यांनी हा मार्ग माझ्या फार आधी शोधलेला आहे.

पिशवीतून घरच्या इन्व्हर्टर-यूपीएसची छोटी १२ व्होल्टची बॅटरी नेली होती. विक्रेत्याला ते आवडलं नाही, पण पाचवा पंखा लावून बघेपर्यंत त्यालाही गंमत वाटायला लागली. बघायचं ते असं: पातं हाताने वर-खाली हलवलं तर शाफ्ट खुळखुळता कामा नये, खुळखुळला तर त्याला धरणारा बुश गेलेला. चालू करून बंद केला की पंखा मऊपणे, दोन-चार सेकंद फिरत थांबावा. खाडकन थांबला तर आत काहीतरी घासतंय. जळका वास आला तर पुढे चालायला लागावं. आणि पाती सगळी शाबूत हवीत, एकाचा टवका उडाला असेल तर पंखा थरथरतो आणि ती थरथर जाते रेडिएटरच्या डागांना. सहाव्या पंख्यावर आमचं एकमत झालं. त्याने हजार सांगितले, मी चारशे, सहाशेला सुटला.

मूळचा पंखा काढल्यावर वॉटर पंपाची पुली आणि रेडिएटर यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जागा उरली. पंखा ज्या बोल्टांनी धरलेला होता ते आता लांब पडत होते, म्हणून आखूड आणले. नाहीतर पुली नीट आवळली जात नाही आणि आपल्याला वाटतं आवळली. मारुतीच्या पंख्याची मोटर अगदी पुलीसमोर येत होती. ती एका बाजूला सरकवावी लागली, त्यामुळे पंखा रेडिएटरच्या बरोबर मध्यावर नाही. दिसायला ते खटकतं. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, जोराचा ब्रेक लागला की जरासं पुढे येतं, आणि तेव्हा मोटर आणि पुलीची गाठ पडली तर दोन्ही जातात. बोटभर अंतर राखलं.

काड्यांचा धडा घेतलेला होताच. या वेळी वजन सगळं रेडिएटरच्या कडेच्या लोखंडी चॅनेलवर घेतलं. लोखंडी पट्टीचे दोन आडवे तुकडे, टोकांना बोल्ट, मध्ये रबरी वॉशर. मग एक गोष्ट केली जी स्वस्तातले लोक सहसा सोडून देतात. गोल पंखा चौकोनी जाळीवर उघडा ठेवला तर तो फक्त स्वतःच्या समोरच्या गोलातून हवा ओढतो. चारी कोपरे वाया. मध्ये बंद पेटी असली तर सगळ्या जाळीतून ओढतो. वाण्याकडून गोडेतेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा आणला, पत्रेवाल्याकडून त्याची इंचभर खोल चौकट वाकवून घेतली, मध्ये गोल कापला. आतल्या बाजूला अजून सूर्यफुलाचं चित्र आहे. पुन्हा कागदाची चाचणी घेतली. कागद जाळीच्या वरच्या कोपऱ्यातही थापटी मारल्यासारखा चिकटला.

थर्मोस्विच २५० रुपयांचा, नवा घेतला. हा जुना घेण्यात शहाणपण नाही. त्यावर ९२-८७ असा शिक्का. म्हणजे ९२ ला चालू, ८७ ला बंद. शिक्क्यावर विश्वास न ठेवता मी स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी, त्यात तारेने टांगलेला स्विच, बायकोचा पाकाचा थर्मामीटर आणि मल्टिमीटर. आई दारात उभी. "त्या पातेल्यात उद्या दूध तापवायचं नाही," एवढं म्हणून ती गेली. मीटर ९१ ला वाजला, गॅस बंद केल्यावर ८६ ला गप्प झाला. ठीक.

हा आकडा निवडण्यामागे जरा विचार आहे. ८२ ला थर्मोस्टॅट उघडतो, म्हणून पंखा त्याच्या बराच वर चालू झाला पाहिजे, नाहीतर दोघांचं भांडण होऊन पंखा दिवसभर चालूच राहतो. वरची मर्यादा उकळण्याची. आमची मावशी पाचगणीला असते, समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर. तिथे साधं पाणी उघड्यावर ९५-९६ अंशांनाच उकळतं. रेडिएटरची कॅप दाब धरत असेल तर दर पाउंडामागे उकळबिंदू दीडेक अंशाने वर जातो, कूलंटने आणखी थोडा. पण कॅपचं रबर कडक झालेलं असेल आणि आत साधं पाणी असेल तर ९२ ला चालू झालेल्या पंख्याच्या हातात तीन अंश उरतात. म्हणून नवी कॅप. पंख्याच्या खर्चात कुणी कॅप धरत नाही.

वायरिंगमध्ये रिले हवाच, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. पंखा चालताना माझ्या मीटरवर साडेसात अँपिअर घेत होता, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. एवढा करंट त्या इवल्याशा स्विचमधून किंवा डॅशच्या बटणातून नेला तर आतले पॉइंट जळतात. माझं पहिलं बटण असंच वितळलं होतं, ते मी वर सांगितलं नाही. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीपासून जाड वायर, वाटेत बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून पंख्याला. ८६ ला इग्निशननंतरची लाइन, म्हणजे चावी काढल्यावर पंखा रात्रभर चालून बॅटरी झोपवणार नाही. ८५ वरून थर्मोस्विचला, आणि त्याला समांतर डॅशखाली एक बटण, हाताने चालू करायला.

सगळं जोडलं. इंजिन तापलं. ९२, ९४, ९६. पंखा ढिम्म. बटण दाबलं की फिरतो, आपण होऊन नाही. दोन तास मी रिले बदलत बसलो. शेवटी उस्तादांनी सिगारेट विझवून एक वायरचा तुकडा घेतला, एक टोक रेडिएटरला टेकवलं, दुसरं बॉडीला. खट्, पंखा सुरू. माझा स्विच एका पिनेचा, तो अर्थ (अर्थिंग) घेतो स्वतःच्या आट्यांतून, म्हणजे रेडिएटरमधून. आणि रेडिएटर बसलेला रबरांवर, जोडलेला रबरी होजनी. त्याला अर्थ देणार कोण? आधी तो बॉडीला कुठेतरी टेकत असणार, मी नवी रबरं घालून तेही बंद केलं. टाकीला एक छोटी अर्थची वायर डागली. उस्ताद म्हणाले, "वीज आणि उधारी, परत यायचा रस्ता आधी बघायचा."

काही आठवडे गाडी उत्तम चालली. फाटकाबाहेरची चाचणी पुन्हा घेतली: पंखा ९२ ला चालू, दोनेक मिनिटांत ८७, बंद, पुन्हा. वीस मिनिटं. वॉचमन आता खुर्ची आणून द्यायचा.

मग पाऊस सुरू झाला आणि खरं बिल आलं.

एका रात्री हडपसरहून येताना हेडलाइट चालू, वायपर चालू, रहदारीत पंखाही लागलेला. मगरपट्ट्याच्या सिग्नलला दिवे पिवळे, मग नारिंगी झाले. वायपर काचेवरून म्हाताऱ्या माणसासारखा चालायला लागला. पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली ती पडलीच. बॅटरीत जीव नव्हता.

या गाडीत वीज करायला अल्टरनेटर नव्हता, जुन्या पद्धतीचा डायनमो होता. नंतरच्या पद्मिनींना अल्टरनेटर आला, माझी त्याआधीची. डायनमोची गंमत अशी की आयडलिंगवर तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशवरचा लाल दिवा सिग्नलला लुकलुकतो तो त्याचाच. आणि वेगात असतानाही त्याची ऐपत पंधरा-वीस अँपिअरची. आता हिशेब करा: हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून नऊ-दहा, कॉइल तीन-चार, वायपर तीन, पंखा साडेसात. बेरीज चोवीसच्या आसपास. त्यातही पंखा लागतो तो गाडी थांबल्यावर, म्हणजे डायनमो झोपलेला असताना. बेल्टवरचा जुना पंखा मंद का होईना, बॅटरीकडे काही मागत नव्हता. मी पंख्याची किंमत विचारली, त्याचं जेवण कोण घालणार ते विचारलं नाही.

मग मारुती ८०० चाच जुना अल्टरनेटर, १,६०० रुपये, लेथवाल्याकडून ब्रॅकेट ५०० रुपये. जुन्या मारुतीची पुलीही व्ही-बेल्टची, त्यामुळे बेल्ट एका रेषेत आणला की काम होतं. रेष चुकली तर बेल्ट आठवडाभरात धागे सोडतो. व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असतो, म्हणून डायनमोसाठी तेच काम करणारी जुनी कटआउटची पेटी सर्किटमधून काढली, पण दिसायला जागेवर ठेवली. बॅटरीपर्यंतची वायर जाड घातली, जुनी बारीक होती. चार्जिंगच्या लाल दिव्याची वायर अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला. तो दिवा शोभेचा नाही. सुरुवातीचा करंट त्यातूनच जातो, बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागा व्हायला कुरकुर करतो. आता आयडलिंगवर, दिवे आणि पंखा लावून, बॅटरीवर १३.६ व्होल्ट दिसतात. आधी ११.८ दिसायचे.

तर जमाखर्च: पहिला फसलेला पंखा १,४५०, रेडिएटर १,८००, दुसरा पंखा ६००, स्विच २५०, रिले-फ्यूज-वायरी ४५०, अल्टरनेटर आणि ब्रॅकेट २,१००, कूलंट आणि कॅप ५५०. एकूण ७,२००. उस्तादांनी मजुरी घेतली नाही, दिवाळीला मिठाई नेली तेव्हा मात्र "साखर आहे मला" म्हणून काजू मागितले.

बेल्टचा पंखा काढल्याने गाडीची ताकद वाढते, मायलेज वाढतं असं छातीठोक सांगणारे भेटतात. माझं मायलेज आधी तेरा होतं, आताही तेराच आहे. आवाज मात्र नक्की कमी झाला. साठच्या वेगाला पूर्वी पुढून जो घोंगाट यायचा तो गेला, आणि दारांचे खुळखुळाट नव्याने ऐकू यायला लागले. पाणी साचलेल्या रस्त्यातून जाताना बेल्टचा पंखा पाणी उडवून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर शिंपायचा, तोही त्रास संपला. बेल्टची काळजी मात्र तितकीच. वॉटर पंप अजून त्याच्यावरच फिरतो, बेल्ट तुटला तर विजेचा पंखा नुसता उभ्या पाण्यावर वारा घालत बसेल. आणि बॉनेट उघडून, चावी लावलेली ठेवून आत हात घालायचा नाही. हा पंखा सांगून सुरू होत नाही. शेजारच्या मुलांना मी हे आधी सांगितलं आणि मग दुसऱ्याच दिवशी स्वतः पान्यासकट हात घातला. पान्याला टवका आहे.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा खंबाटकी, पुन्हा रांग. मी चढ लागायच्या आधीच हाताने बटण दाबून पंखा चालू केला. पाणी तापायची वाट बघण्यापेक्षा घाटात हे बरं. खामजाईच्या देवळापाशी तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या, त्यातली एक माझ्या गाडीपेक्षा निदान तीस वर्षांनी लहान. आमच्या डिकीत पाण्याचे दोन कॅन असतातच, त्यातला एक त्यांना दिला. आईने मीटरकडे बघितलं, ९० होता, आणि पुठ्ठ्याचा पंखा काढला. "अगं, गाडी तापली नाहीये," मी म्हटलं. "मी तापलेय," ती म्हणाली, "तुझ्या त्या मारुतीच्या पंख्याचं तोंड इकडे करता येत असेल तर बघ."

मूळचा पंखा आणि त्याचे लांब बोल्ट डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. मारुतीचा पंखा महिनाभर झाला थांबताना बारीक कुईं करतोय, बुश गेला असावा. या रविवारी बॅटरी पिशवीत घालून जुन्या बाजारात जायचंय.